रानात जायला आमंत्रण लागत नाही

सायकल घेतलीस, हेल्मेट घेतलंस, टायर काळे की तपकिरी यावर तासभर माझं डोकं खाल्लंस, आणि आता ती बिचारी बर्लिनच्या जिन्याखाली धूळ खात उभी. कारण काय, तर ऑफिसातली मंडळी फार जोरात मारतात, आपल्या मराठी ग्रुपवर शनिवारी कुणालाच जमत नाही, आणि जंगलात एकटीनं कसं जायचं! अगं, यातलं पहिलं कारण खरं आहे. दुसरं कायमचंच आहे. तिसऱ्याबद्दल मात्र जरा निवांत बोलायला हवं.

आपल्याकडे मुलगी चप्पल पायात सरकवते न सरकवते तोच घरातून प्रश्न येतो, ‘बरोबर कोण आहे?’ माझे केस पिकायला लागले तरी आई अजून मला फोनवर हेच विचारते. तिचं काही चुकत नाही. पण आई इतकी लांब असूनही तो प्रश्न आपलाच आपल्याला सुटत नाही, आणि उत्तर सापडलं नाही की आपण कपाट उघडून घड्या घालत बसतो. शनिवार जातो, रविवारी दुकानं बंद, की लगेच सोमवार.

तुला वाटतं, कुणीतरी ‘चल’ म्हणायला हवं. इथल्या जंगलाला त्याची गरज नाही. या देशाचा वनकायदा १९७५ सालचा. त्याच्या चौदाव्या कलमात सरळ म्हटलंय, की मोकळं फिरायला, विरंगुळ्याला रानात जायची मुभा सगळ्यांना आहे. इथलं जवळपास निम्मं जंगल खासगी मालकीचं असूनही! सायकल मात्र रस्त्यांवरून आणि वाटांवरूनच न्यायची, झाडाझुडपांत घुसायचं नाही, आणि जे होईल ते आपल्या जबाबदारीवर. बारीकसारीक नियम राज्याराज्यांत बदलतात. दक्षिणेकडे बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये दोन मीटरपेक्षा अरुंद पायवाटेवर सायकल चालत नाही. वाटेच्या तोंडाशी लाल-पांढरा आडवा दांडा दिसला तर परत फिरू नकोस. तो मोटारींसाठी असतो, बाजूनं सायकल काढायची. पण वृक्षतोड चालू असल्याची पाटी किंवा पट्टी लावलेली असेल, तर गुमान दुसरी वाट धर. तिथे ‘जिवाला धोका’ असं लिहिलेलं असतं आणि ते लोक उगाच लिहीत नाहीत.

आता कुठे जायचं ते सांगते. आल्प्स, ब्लॅक फॉरेस्ट ही नावं सगळ्यांच्या तोंडात असतात, पण तिथले चढ पहिल्याच दिवशी हुरूप घालवतात. तू बर्लिनच्या उत्तरेला जा. उकरमार्क आणि त्याला लागून फेल्डबर्गचा तळ्यांचा मुलूख. फेल्डबर्ग ज्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात येतं, तिथली सगळ्यात उंच टेकडी १७९ मीटरची आहे. सिंहगड चढलेल्या पोरीला हसू येणारच. पण जपून हस. इथे एक मोठा चढ नसतो, वीस-तीस मीटरचे चढ-उतार असतात आणि ते दिवसभर संपत नाहीत. संध्याकाळी त्यांची बेरीज मांड्या करतात.

ही सगळी बर्फाची करणी. साधारण पंधरा-वीस हजार वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियाकडून सरकत आलेला बर्फाचा थर इथवर येऊन थबकला, पुढे ढकलत आणलेली माती आणि धोंडे टाकून वितळला. त्या ढिगांच्या टेकड्या झाल्या. वितळलेल्या पाण्यानं खणलेल्या चरांची लांबट, अरुंद तळी झाली. ओल्या पिठावरून बोटं ओढावीत तशी ती नकाशावर दिसतात. शेतात नांगराला लागणारे धोंडे वेचून इथल्या लोकांनी गावोगावची चर्चं बांधली. प्रत्येक धोंडा वेगळ्या रंगाचा, कारण प्रत्येक वेगळ्या डोंगराचा. एखाद्या चर्चच्या सावलीत पाणी प्यायला थांबलीस तर भिंतीवरून हात फिरव. तांबूस, राखाडी, काळपट, सगळे स्कँडिनेव्हियाहून आलेले पाहुणे.

सकाळी रोस्टॉककडे जाणारी गाडी पकड आणि फ्युर्स्टनबर्गला उतर, तासाभराचा प्रवास. महिन्याचा पास असला तरी सायकलचं तिकीट वेगळं काढायचं, विसरू नकोस. आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी नऊ-दहाची गाडी अजिबात नको. समुद्रावर निघालेलं अख्खं बर्लिन त्यात असतं आणि सायकलच्या डब्यात जागा नसली की गार्ड सरळ ‘पुढच्या गाडीनं या’ म्हणतो. सहा-सातची गाडी धर. झोप काय, परतताना गाडीत काढशील.

फ्युर्स्टनबर्गला उतरल्यावर सुसाट सुटू नकोस. तळ्याच्या पलीकडच्या काठाला राव्हेन्सब्र्युक आहे. १९३९ ते १९४५ या काळात तिथे बायकांची छळछावणी होती. एक लाख वीस हजारांच्या आसपास बायका आणि मुलं तिथे नोंदली गेली. मारलेल्यांची राख याच तळ्यात टाकली. आज काठावर स्मारक आहे आणि पाण्याकडे तोंड करून एक पुतळा आहे, दुसरीला हातांवर उचलून घेतलेल्या बाईचा. तिथे थांबायचं की नाही हे तुझं तू ठरव. मला मात्र त्या तळ्याला वळसा घालून नुसतं ‘किती सुंदर’ म्हणत पुढे जाता येत नाही.

तिथून हिमेलफोर्टमार्गे लिशेन. हिमेलफोर्टला जुन्या मठाचे भग्न अवशेष आहेत, आणि नाताळबाबाचं टपाल कार्यालय आहे. डिसेंबरात मुलांच्या पत्रांचा तिथे ढीग लागतो. लिशेनला आजूबाजूनं तळीच तळी. या गावातल्या योहान किर्स्टन नावाच्या घड्याळजीनं गेल्या शतकाच्या सुरुवातीला ड्रॉइंग पिन बनवली, असं गाव अभिमानानं सांगतं. पैसा मात्र दुसऱ्यानं कमावला. कारागिराचं नशीब सगळीकडे सारखंच म्हणायचं.

लिशेनच्या पुढे खरी परीक्षा, कारण तिथे वाळू लागते. ब्रांडेनबुर्गच्या जमिनीला पूर्वापार वाळूची डबी म्हणून हिणवत आलेत, ते खोटं नाही. पाइनच्या रानातली वाट छान घट्ट चाललेली असते, आणि एका वळणावर ट्रॅक्टरनं ती नांगरल्यासारखी केलेली असते. पुढचं चाक रुततं, हँडल एकीकडे ओढलं जातं, आपण दुसरीकडे. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही आणि हँडलशी झुंजायचं नाही. वाळू समोर दिसली की आधीच हलक्या गिअरवर ये, अंग थोडं मागे घे, हात सैल सोड आणि पाय मात्र थांबवू नकोस. चाक जरा नाचेल, नाचू दे. मध्ये गवताचा पट्टा असला तर त्यावर चढ, वाळू तिथे बांधलेली असते. आणि अगदीच घोट्यापर्यंत असेल तर उतर ना! हातात सायकल धरून चालण्यात कसली आलीय लाज. बघणारं कोण, एखादं हरीण.

टायर चाळीस ते पंचेचाळीस मिलिमीटर रुंद हवेत, तुझे आहेत. पण दुकानदारानं त्यात हवा ठासून भरून दिली असणार. तुझ्या वजनाला ट्यूबलेस टायरमध्ये दोन बारच्या आसपास पुष्कळ झाली. आत ट्यूब असेल तर थोडी जास्त ठेव, नाहीतर धोंड्यावर आपटून ट्यूब चिमटते. एवढ्याशा बदलानं दिवस कसा बदलतो ते गावातल्या दगडी रस्त्यावर कळेल. हे रस्ते गोटे बसवून केलेले, पोस्टकार्डावर दिसायला फार गोंडस. सायकलवर बसलं की दातावर दात. कडेला मातीची पट्टी सोडलेली असेल तर गावातली माणसंही तिथूनच जातात, तूही जा. पूर्व जर्मनीच्या काळात शेतांतून टाकलेले काँक्रीटच्या फरशांचे रस्तेही लागतील. दोन चाकोऱ्या, मध्ये फट. एकीवरून दुसरीवर जायचं तर फट तिरकी घासत जाऊ नकोस, चाक अडकतं. वेग कमी करून नीट आडवी ओलांड.

कार्वित्स येईपर्यंत भूक लागलेली असेल. तळ्यांच्या मधोमध वसलेलं हे टुमदार खेडं. कादंबरीकार हान्स फालादा १९३३ मध्ये इथे घर घेऊन राहिला, १९४४ पर्यंत. त्या घराचं आता संग्रहालय झालंय. आत नाही गेलीस तरी बागेपाशी टेकून खा, आणि मग हुलरबुश नावाच्या बीचच्या रानातून श्माल लुत्सीन तळ्याच्या काठाला उतर. काठ चांगला उभा आहे. सायकल हातात धर. पलीकडे फेल्डबर्गच्या बाजूला न्यायला एक नाव आहे, तीही हातानं चालणारी. दोराला बांधलेली, नावाडी चाक फिरवतो आणि ती आवाज न करता सरकते. फक्त उन्हाळी हंगामात चालते, तेव्हा निघायच्या आधी वेळ बघून घे, नाहीतर तळ्याला लांबचा वळसा. शेजारचं ब्राइट लुत्सीन ५८ मीटर खोल आहे, आणि त्याच्या खोल पाण्यात राहणारा एक छोटा मासा इथल्या तळ्यांबाहेर जगात कुठेही नाही. ही माहिती मला कशाला हवी म्हणशील. पण चाक फिरवणाऱ्याशी बोलायला विषय होतो, आणि विषय निघाला की हे मुखदुर्बळ लोकही खुलतात.

आता जे ऑफिसातली मंडळी तुला सांगणार नाहीत ते ऐक. गादीवाली सायकलची चड्डी घेतलीयस ना? तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. काहीच नाही. शिवण घासून जे सोलवटतं ते तीन दिवस बसू देत नाही. सीट सगळ्यांची सारखी नसते. आपल्या बुडाची जी दोन हाडं टेकतात त्यांच्यातलं अंतर मोजून रुंदी ठरते, चांगल्या दुकानात मोजून देतात. पुढून दुखत असेल तर सीटचं नाक अगदी थोडं खाली कर, ‘सवय होईल’ म्हणून सोसत बसू नकोस. बायकांना सोसायला फार पटकन शिकवतात.

आणि पाणी पी. आपल्याला एसटीच्या प्रवासातली खोड आहे, घरून निघताना पाणीच प्यायचं नाही, म्हणजे मध्ये जायला नको. इथे ती खोड मोड. जायची वेळ आली तर वाटेपासून थोडं आत जा, उंच गवत टाळ, काम झालं की कागद पिशवीत घालून परत आण. पाळीच्या दिवसांत निघालीस तरी काही अडत नाही, एक जादा पिशवी आणि ओले रुमाल ठेव, बास.

गवत टाळ म्हणाले ते गोचिडींसाठी. इथल्या रानातली खरी भीती लांडग्याची नव्हे, तिळाएवढ्या या किड्याची. तो झाडावरून पडत नाही, गुडघ्याएवढ्या गवताच्या टोकावर वाट बघत बसतो. घरी आलीस की अंघोळीच्या आधी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला हात फिरवून बघ. चिकटलेला दिसला तर तेल नको, काडी नको. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढ. लवकर काढला तर बोरेलिया नावाच्या जंतूंचा धोका बराच कमी होतो. पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ पसरत गेलं तर उद्यावर न टाकता डॉक्टर गाठ. याच गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस मिळते, तिचं तुझ्या डॉक्टरशी आत्ताच बोलून ठेव; दक्षिणेकडे फिरणार असशील तर नक्कीच.

खाण्याचं सोपं आहे, फक्त भरवसा ठेवायचा नाही. या खेड्यांत दुकान असेलच असं नाही, असलं तर रविवारी बंद. बेकरी रविवारी उघडली तर सकाळचे चार तास. खानावळीत शाकाहारी म्हणून बटाट्याचंच काहीतरी पुढे येतं. म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घे, खिशात राजगिऱ्याची चिक्की. पन्नासाव्या किलोमीटरला कुठलाही महागडा एनर्जी बार तिच्यापुढे फिका आहे. रोख पैसे ठेव, कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. फाटकापाशी मध, अंडी, जॅमच्या बाटल्या आणि शेजारी पैशाचा डबा दिसेल. माणूस नसतो, भाव लिहिलेला असतो. बाटली भरायला स्मशानभूमीत जा. दचकू नकोस! गावोगावच्या दफनभूमीत फुलांना घालायला नळ असतो आणि इथले सगळे सायकलवाले तिथेच पाणी भरतात. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तर मात्र ते प्यायचं नाही. आणि आवाज कमी. आलेली म्हातारी माणसं आपल्या माणसाला भेटायला आलेली असतात.

तळ्यात उतरणार असशील तर आधीच सांगून ठेवते. या भागात बिनकपड्यांनी पोहायची जुनी रीत आहे, पूर्व जर्मनीत ती विशेष रुजली. झाडीतून बाहेर पडशील आणि समोर आजी-आजोबा दिगंबर, थर्मासमधून कॉफी पिताहेत. पहिल्यांदा कानशिलं तापतात. तू पोहण्याचा पोशाख घालून गेलीस तर कुणी काही म्हणत नाही. टक लावायची नाही आणि मोबाइल पिशवीतून काढायचा नाही, एवढंच. गंमत म्हणजे जिथे कुणीच कुणाच्या अंगाकडे बघत नाही तिथे आपल्या पोटाची वळी लपवायचं आपलंही सुटतं. मात्र एकटी असताना खोलात जाऊ नकोस, काठाकाठानं पोह. वाचवायला माणूस नेमलेला नसतो.

आता भीतीचं. गुलाबी चित्र काढणार नाही. रानडुक्कर पिल्लांसह दिसलं तर थांब, लांबून जाऊ दे. शरद ऋतूत शिकारीच्या पाट्या लागतात, तेव्हा त्या वाटेला जायचं नाही आणि अंगावर काहीतरी भडक रंगाचं हवं. मोबाइलला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घे. जंगलात हिरव्या पाटीवर पांढरा क्रॉस आणि खाली एक क्रमांक दिसेल. ती मदतीची जागा. पडलीस तर ११२ ला फोन करून तो क्रमांक सांगायचा, रुग्णवाहिका नेमकी तिथे येते. जाता जाता शेवटचा दिसलेला क्रमांक लक्षात ठेवायची सवय लाव.

आणि माणसांचं. रानात भेटणारी माणसं म्हणजे कुत्रा फिरवणाऱ्या बाया, अळंबी शोधणारे म्हातारे, आपल्यासारखे सायकलवाले. घंटी वाजव, वेग कमी कर, ‘मोर्गन’ म्हण. नव्वद टक्के तिथेच सैल होतात. गावांत मात्र कधी कुणी जरा जास्त वेळ बघतं. आपला रंग तिथे रोज दिसत नाही. निवडणुकीच्या दिवसांत खांबांवरची काही पोस्टरं वाचून मन खट्टू होतं, माझंही होतं. एखाद्या बिअरच्या टपरीपाशी वातावरण बरं वाटलं नाही, तर तिथे उतरून धीटपणा सिद्ध करायची काही गरज नाही. पुढचं गाव तीन-चार किलोमीटरवर असतं. मला फोनवर तुझं ठिकाण दिसत राहील असं करून ठेव, अंधाराआधी स्टेशन गाठ. एवढी काळजी घ्यायची आणि मग घाबरणं बंद करायचं. दोन्ही एकदम करत राहिलं तर डोळ्यांना रान दिसतच नाही.

फेल्डबर्गहून नॉयश्ट्रेलिट्झकडे जाताना सेरानचं बीचचं रान लागतं. म्युरित्स राष्ट्रीय उद्यानाचा हा तुकडा २०११ पासून जागतिक वारसा आहे. तिथे पडलेलं झाड उचलत नाहीत, कुजू देतात. सायकलच्या खुणा असलेल्या वाटाच धर, काही वाटा फक्त चालणाऱ्यांच्या आहेत. मे महिन्यात गेलीस तर कोवळी पानं, सप्टेंबरात गेलीस तर डोक्यावरून करकोच्यांसारखे दिसणारे उंच क्रौंच पक्षी ओरडत जातात. जुलैत घोडमाश्या चावून हैराण करतात, तेव्हा जुलै नकोच. नॉयश्ट्रेलिट्झच्या चौकातून आठ रस्ते आठ दिशांना फुटतात, त्यातला एक स्टेशनाकडे जातो. चुकलीस तरी मोठं काही बिघडत नाही. सगळं मिळून साठ-सत्तर किलोमीटर होतील. दमलीस तर फेल्डबर्गलाच मुक्काम कर, सायकलवाल्यांना ठेवणारी घरं आहेत.

ऑफिसातले जे चार तासांत करतात त्याला तुला आठ लागतील. लागू देत, नावाडीही घड्याळ लावून बसलेला नाही. पहिल्या खेपेला मी येणार नाही, आग्रह करू नकोस. दुसऱ्या खेपेला बोलाव, डबा मी आणीन. पण वाट तू दाखवायचीस, आणि वाळूत मी उतरून चालायला लागले तर फोटो काढून आईला पाठवायचे नाहीत.